सुटे भाग आणि भरवसा

तत्त्वज्ञानाचा मास्तर कॉम्प्युटरच्या सुट्या भागांवर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. पण माझा विषय भरवसा हा आहे आणि त्याचा इतिहास या बाजारात फार स्वच्छ दिसतो.

सुरुवात १२ ऑगस्ट १९८१ पासून करू. आयबीएमने त्या दिवशी आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला. घाई होती, म्हणून बरेच भाग बाहेरून घेतले. प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. रचनेची माहितीही छापून दिली. बायोस तेवढा स्वतःच्या हक्काचा ठेवला. पण त्याची नक्कल न करता तसंच काम करणारा दुसरा बायोस कॉम्पॅकने लवकरच लिहून घेतला. पुढे १९९५ साली इंटेलने एटीएक्स हा आराखडा आणला. मदरबोर्ड, पेटी, पॉवर सप्लाय यांची मापं जुळली. वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग आणून घरी कॉम्प्युटर जुळवता येतो, तो यामुळे.

मुंबईत हे भाग मिळत लॅमिंग्टन रोडला. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते नाव घेतंय कोण! नव्वदच्या दशकात मी तिथूनच 'असेंबल्ड' मशीन घेतलं. दुकानदाराने रॅम माझ्यासमोर बसवून स्क्रीनवर आकडा दाखवला. म्हणून तो काळ सोवळा होता असं समजू नका. कमी वेगाच्या प्रोसेसरवर जास्तीचा आकडा छापून विकण्याचा धंदा तेव्हाही चालायचा.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्येच जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन हे सांगितलं होतं. दोष विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा बेताचीच किंमत देतो आणि चांगला माल असलेला माणूस बाजारातून उठून जातो. या कामासाठी २००१ साली त्यांना नोबेल मिळालं. ईबे १९९५ मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी तिथे एकमेकांबद्दल अभिप्राय लिहायची सोय आली, ती याच दुखण्यावर.

आता न्यायदर्शनाकडे या. प्रमाणं चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. ऑनलाइन खरेदीत प्रत्यक्ष गेलं. फोटोवरून अनुमान करायचं, बाकी सगळा शब्द. शब्द प्रमाण कधी? सांगणारा आप्त असेल तेव्हा. म्हणजे त्याला वस्तू जशी आहे तशी माहीत हवी आणि तशीच सांगायची इच्छाही हवी. विकणाऱ्याकडे माहिती असते, इच्छेची खात्री नसते. अभिप्राय देणाऱ्याकडे इच्छा असते, पण अनुभव चार दिवसांचा.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबलं आणि राबवलेली ग्राफिक्स कार्डं जुन्या बाजारात आली. त्यानंतर मी नातवासाठी एक घेतलं. 'फक्त गेमिंगसाठी वापरलंय,' असं विकणारा म्हणाला. तीन आठवड्यांत स्क्रीनवर रेघा, आणि त्याचा फोन बंद. त्यात नातवाचे साठवलेले पैसे होते. तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही विचारलं होतंत ना त्याला?" विचारलं होतं हो. पण विचारणं म्हणजे तपासणं नव्हे. कार्ड तासभर ताणून चालवतानाचा व्हिडिओ मी मागितला नाही, उरलेली वॉरंटीही पाहिली नाही.

तेव्हापासून आमचा नियम साधा आहे. रॅम किंवा प्रोसेसरचा दोष बहुधा पहिल्या चाचणीत कळतो. ते परत करायची मुदत असेल तर जुने चालतील. पॉवर सप्लाय आणि डिस्क यांची झीज आत दडलेली असते. ते नवेच, पक्क्या बिलावर. नव्याचे जास्तीचे पैसे काही अंशी भरवशाचे असतात. ते कुठे मोजायचे, एवढंच ठरवायचं.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.