नेमेसिस श्रेष्ठ की पिरॅमिड हेड?

दोन निरनिराळ्या व्हिडिओ गेममधील राक्षस समोरासमोर आले तर विजय कोणाचा, हा वाद गेमच्या चाहत्यांमध्ये जुनाच आहे. भयकथांवर बेतलेल्या खेळांचा विषय निघाला, की त्यात 'नेमेसिस' आणि 'पिरॅमिड हेड' ही जोडी हमखास येते.

नेमेसिस हा कॅपकॉम या जपानी कंपनीच्या १९९९ मधील 'रेसिडेंट इव्हिल ३' या खेळातील खलपुरुष. 'अम्ब्रेला' या औषध कंपनीने टायरंट जातीच्या जैविक अस्त्रात परजीवी सोडून त्याला घडविले. 'स्टार्स' या विशेष पोलीस पथकाचे सदस्य शोधून ठार करणे, एवढीच त्याला आज्ञा. त्यानुसार तो रॅकून सिटीत जिल व्हॅलेंटाइनचा पाठलाग करतो. दार ओलांडून पुढच्या खोलीत गेले की सुटका झाली, हा त्या काळच्या खेळाडूंचा भरवसा त्यानेच मोडला. तो धावतो, रॉकेट लाँचर चालवितो आणि गोळ्या खाऊन कोसळला तरी पुन्हा उठतो. त्याचा निकाल लावण्यासाठी अखेर रेलगन लागते.

पिरॅमिड हेड अवतरला तो कोनामीच्या 'सायलेंट हिल २' मध्ये, २००१ साली. मासाहिरो इतो यांनी त्याचे रूप रेखाटले. डोक्यावर गंजलेले त्रिकोणी शिरस्त्राण आणि मागे फरफटत येणारा अवजड सुरा. चाल संथ, पण घाव वर्मी बसला तर दुसऱ्याची गरज नाही. पहिल्या लढतीत तो गोळ्यांनी मरत नाही. भोंगा वाजतो आणि तो शांतपणे जिना उतरून निघून जातो.

वेग, शस्त्र आणि लांबून मारा करण्याची क्षमता पाहता नेमेसिसचे पारडे उघडच जड आहे. मात्र दोन्ही खेळांतील मोजमाप एक नाही. जिल प्रशिक्षित पोलीस अधिकारी, तर 'सायलेंट हिल २'चा नायक जेम्स सामान्य नागरिक. त्यामुळे कोणी किती गोळ्या पचविल्या, या हिशेबाला फारसा अर्थ उरत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. नेमेसिसला शरीर आहे, म्हणून त्याला मरणही आहे. पिरॅमिड हेड हा जेम्सच्या मनातील अपराधभावनेने घेतलेला आकार आहे. पत्नीच्या मृत्यूतील स्वतःचा वाटा जेम्स मान्य करतो, तेव्हा समोर उभे असलेले दोन पिरॅमिड हेड स्वतःच्याच भाल्यांनी जीव देतात. म्हणजे लढत रॅकून सिटीत ठेवली, तर जेम्सविना तो तेथे उभाच राहणार नाही. ती सायलेंट हिलमध्ये ठेवली, तर रॉकेटने त्याचा शेवट होईल असे मानण्यास आधार नाही. शिवाय 'स्टार्स'चा सदस्य दृष्टीस पडला नाही, तर नेमेसिस तेथे जाईलच कशाला? एवढे गृहीत धरूनही निकाल द्यायचाच झाला, तर पहिली फेरी नेमेसिसची. अखेरपर्यंत टिकेल तो मात्र पिरॅमिड हेड.

'रेसिडेंट इव्हिल ३' ची नवी आवृत्ती २०२० मध्ये, तर 'सायलेंट हिल २' ची २०२४ मध्ये आली. दरम्यान 'डेड बाय डेलाइट' या खेळात दोघांनाही स्थान मिळाले. पिरॅमिड हेडला २०२० मध्ये, नेमेसिसला २०२१ मध्ये. मात्र या खेळाच्या मूळ रचनेत चार जणांचा पाठलाग एकच मारेकरी करतो. त्यामुळे एका छपराखाली येऊनही या दोघांची गाठ तेथे पडत नाही.