१९३६ सालची दोन पुस्तकं

समाज म्हणजे शरीर, प्रत्येक अवयव उपयोगी, असं कार्यवादी समाजशास्त्र सांगतं. जवळपास त्याच नजरेने विल्यम वायझर या अमेरिकन मिशनऱ्याने संयुक्त प्रांतातल्या एका खेड्याची जजमानी पद्धत पाहिली. १९३६ साली पुस्तक निघालं. सुतार, न्हावी, धोबी सारे एकमेकांची सेवा करतात म्हणे! आपल्याकडचं बलुतं तसंच. पण बलुतं मागायला महाराला कुठं उभं राहावं लागे, ते जुन्या माणसांना विचारा.

त्याच साली लाहोरच्या मंडळाने भाषण रद्द केलं, तेव्हा बाबासाहेबांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ स्वतः छापलं. काम वाटून घेणं वेगळं आणि कामकरी माणसंच जन्माने एकाखाली एक लावणं वेगळं, हा त्यांचा मुद्दा. पुढे १९५९ साली थॉमस बीडलमन यांनीही जजमानीत जमीनवाल्याची सत्ता आणि पिळवणूक दाखवली.