एका गोळ्याची तीन नावं

चिकट तांदळाचं पीठ, खोवलेलं खोबरं आणि नारळाचं दूध एकत्र मळायचं, लिंबाएवढे गोळे वळून तळायचे, तपकिरी साखरेच्या पाकात घोळवून बांबूच्या काडीवर ओवायचे. फिलिपिन्समध्ये रस्त्यावर मिळणारा हा गोड खाऊ. मला त्याच्यात गुंतवलं ते त्याच्या नावांनी.

‘कास्कारोन’ हा स्पॅनिश शब्द, अर्थ अंड्याचं टरफल. 1565 पासून तीनशेहून जास्त वर्षं तिथे स्पेनची सत्ता होती. ‘बित्सू-बित्सू’ हे नाव होक्कियन चिनी बोलीतून आलं, दक्षिण चीनच्या व्यापाऱ्यांची ती बोली. ‘तिनुदोक’ मात्र तिथलंच, उत्तरेकडच्या इलोकानो भाषेतलं. अर्थ साधा: टोचून ओवलेलं.

सत्ताधारी, व्यापारी, काडीवर ओवणारे हात, सगळे या नावांत सापडतात. नारळ पिकवणारा कुठेच नाही.

त्याचा इतिहास शोधायला मला कायद्याच्या कागदांकडे वळावं लागलं. 1973 मध्ये फर्डिनांड मार्कोस यांच्या राजवटीत शेतकऱ्यांच्या सुक्या खोबऱ्यावर लेव्ही बसली. सांगितलं गेलं, पैसा तुमच्याच भल्यासाठी. त्यातून बँक आणि बड्या कंपनीचे शेअर घेतले गेले, आणि ताबा मार्कोसच्या मर्जीतल्यांकडे गेला. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातले मोठे शेअर सरकारचे ठरवले, तेही नारळ शेतकऱ्यांसाठीच वापरण्याच्या अटीवर. त्यासाठी निधीचा कायदा झाला 2021 मध्ये.

लेव्ही बसली तेव्हा विशीत असलेला शेतकरी तोवर सत्तरीला टेकला होता.