‘ग्रामयात्रा’ : हुसेन यांच्या चित्रातील शेतकरी आणि भूमी

स्वातंत्र्योत्तर चित्रकलेतील ग्रामजीवनाचा विचार करताना मकबूल फिदा हुसेन यांच्या ‘जमीन’ (१९५५) या चित्राचा उल्लेख प्राधान्याने केला जातो. ते नवी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. त्याआधीचे ‘ग्रामयात्रा’ (१९५४) मात्र दीर्घकाळ अभ्यासकांच्या दृष्टीआड राहिले. लिऑन वोलोदार्स्की या नॉर्वेतील शल्यविशारदाने ते १९५४ मध्ये दिल्लीत विकत घेतले. १९६४ मध्ये ते ऑस्लोच्या रुग्णालयाकडे गेले. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यास सुमारे ११८ कोटी रुपये मिळाले, तेव्हा त्याची चर्चा झाली. अर्थात ती बहुतांशी किमतीची होती.

पंढरपुरात जन्मलेले हुसेन मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवीत घडले. नाझी राजवटीमुळे मुंबईत आश्रयास आलेल्या लँगहॅमर, श्लेसिंगर यांच्या सहवासात १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह गटास युरोपीय अभिव्यक्तिवादाचा परिचय झाला. १९४८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात हुसेन यांनी गुप्तकालीन शिल्पे व बसोली लघुचित्रे पाहिली. जाड रेषा आणि आकृतींची मोडतोड त्यांनी अभिव्यक्तिवादाकडून घेतली. मात्र जर्मन चित्रकारांच्या महानगरातील भयग्रस्तता त्यांनी स्वीकारली नाही. त्यांच्या खेड्यात संसार चालू आहे.

‘ग्रामयात्रा’मध्ये तेरा चौकटी आहेत. बायका, मुले, बैलगाडी असे दैनंदिन जीवन त्यांत विखुरलेले दिसते. यांपैकी शेतकऱ्याची उभी आकृती विशेष लक्षणीय होय. तिचा हात स्वतःची चौकट ओलांडून शेजारच्या चौकटीतील भूमी तोलून धरतो. नवस्वतंत्र राष्ट्राचा भार कष्टकऱ्यावर आहे, असा त्याचा अर्थ लावता येतो, व तो अयोग्य नाही.

तथापि इतिहासाच्या दृष्टीने एक प्रश्न उरतो. ही भूमी कोणाची, याविषयी चित्र मौन बाळगते. मावळातील शेतकऱ्याने हाच प्रश्न १९२१ च्या मुळशी सत्याग्रहात, जमिनी धरणाखाली जात असताना, विचारला होता. चित्र साकारत असताना मुंबई राज्यात १९४८ चा कुळकायदा लागू होता. परंतु कसणाऱ्या कुळास मालक मानण्याची तरतूद १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून अमलात आली. म्हणजे १९५४ मध्ये भूमी हातावर तोलणारा असा शेतकरी प्रत्यक्षात अनेक ठिकाणी कूळच होता. हुसेन यांनी त्यास श्रमाचा गौरव दिला. सातबाऱ्यावरील त्याचे स्थान मात्र चौकटीबाहेरच राहिले.