प्रक्षेपकाला पाण्याचा गारवा

दूरचित्रवाणीचे कार्यक्रम मनोऱ्यावरून घराघरांत पोहोचविणाऱ्या प्रक्षेपकात सर्वाधिक वीज लागते ती पॉवर अ‍ॅम्प्लिफायरला, म्हणजेच शक्तिप्रवर्धकाला. या विजेचा मोठा हिस्सा मात्र उष्णतेच्या रूपाने वाया जातो. ही उष्णता वेळीच बाहेर काढली नाही, तर ट्रान्झिस्टरचे आयुष्य घटते आणि प्रक्षेपण बंद पडण्याची वेळ येते.

१० किलोवॉट शक्तीचा प्रक्षेपक घ्या. त्याची कार्यक्षमता २५ टक्के धरली, तर त्याला ४० किलोवॉट वीज लागते आणि ३० किलोवॉट उष्णता निर्माण होते. ती हवेने वाहून न्यायची आणि हवेचे तापमान १० अंशांहून अधिक वाढू द्यायचे नाही, असे ठरविल्यास दर मिनिटाला सुमारे दीड लाख लिटर हवा खेळवावी लागेल. त्यासाठी मोठे पंखे, जाड हवानलिका आणि त्यांचा गोंगाट ओघाने आलाच. हेच काम मिनिटाला सुमारे ४३ लिटर पाणी करू शकते, कारण तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी जवळपास साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेते.

ट्रान्झिस्टर ज्या धातूच्या पट्टीवर बसविलेले असतात, तिच्या पोटातील नळ्यांतून पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण फिरते. ग्लायकॉलमुळे थंडीत पाणी गोठत नाही. मिश्रणातील अन्य रसायने धातूला गंजण्यापासून वाचवतात. तापलेले मिश्रण पंपाद्वारे इमारतीबाहेरील रेडिएटरकडे जाते व थंड होऊन परतते. उष्णता थेट बाहेर पडत असल्याने खोलीतील वातानुकूलन यंत्रणेवरील भारही हलका होतो.

पाण्याचा हा वापर नवा नाही. क्लायस्ट्रॉनसारख्या जुन्या शक्तिशाली नलिकाही पाण्यानेच थंड केल्या जात. त्यांपैकी काही नलिकांत मात्र पाण्याचा संबंध हजारो व्होल्टच्या भागाशी येत असल्याने वीज सहजी वाहून न नेणारे अतिशुद्ध पाणी लागे. आजचे ट्रान्झिस्टर सुमारे ५० व्होल्टवर चालतात आणि द्रवापासून पूर्णपणे विलग असतात.

गळती आणि पंपातील बिघाड हे या पद्धतीचे कच्चे दुवे. म्हणून बहुधा दोन पंप ठेवतात. एक थांबताच दुसरा सुरू होतो. द्रवाचा दाब, प्रवाह आणि तापमान यांवर संवेदकांची सतत नजर असते. नळ्यांचे जोड असे असतात, की द्रव न सांडता एखादा प्रवर्धक काढून दुसरा बसविता येतो.

अर्थात, उष्णता वाहून नेण्यापेक्षा ती कमी निर्माण होणे केव्हाही चांगले. डिजिटल संकेताची सरासरी पातळी कमी आणि शिखरे उंच असतात. त्या क्षणिक शिखरांसाठी प्रवर्धकाला सदैव सज्ज राहावे लागते व वीज वाया जाते. अमेरिकी अभियंते विल्यम डोहर्टी यांनी १९३६ मध्ये त्यावर तोडगा सुचविला होता : एक प्रवर्धक सतत चालावा आणि दुसऱ्याने केवळ शिखरांच्या वेळी साथ द्यावी. आधुनिक प्रक्षेपकांत ही रचना नव्याने रुजली आहे. वरील उदाहरणात कार्यक्षमता ४० टक्क्यांवर गेली, तर १५ किलोवॉट वीज वाचते. चोवीस तास चालणाऱ्या केंद्रासाठी ही बचत वर्षाला सुमारे १ लाख ३१ हजार युनिट इतकी भरते.