व्होल्गेच्या पोटातील गावे

उतारवयातील पतिपत्नींस नदीवरील बोटीच्या प्रवासासारखा सुखाचा प्रवास क्वचितच दुसरा असेल. बिऱ्हाड एकदा खोलीत टाकले की पुन्हा बांधाबांध नाही. डेकवर खुर्च्या टाकून बसावे आणि गावांनीच भेटीस यावे. मॉस्कोहून सेंट पीटर्सबर्गपर्यंत असा जलमार्ग आहे. परंतु ज्या संथ पाण्यावरून तो जातो, ते पाणी तेथे पूर्वी नव्हते.

मॉस्कोहून निघालेली बोट प्रथम १२८ किलोमीटर लांबीच्या कालव्यातून जाते. हा कालवा १९३२ ते १९३७ या काळात खोदला गेला, आणि तो खोदणारे हात मुख्यतः द्मित्रोव येथील छावणीतील बंदिवानांचे होते. पुढे व्होल्गेत शिरल्यावर काल्याझिन येथे एक उंच घंटाघर पाण्यातच उभे दिसते. १८०० साली ते पुरे झाले तेव्हा शेजारी सेंट निकोलसचे देऊळ होते, भोवती गाव नांदत होते. उग्लिच येथे धरण झाले आणि १९४०च्या सुमारास गावाचा जुना भाग बुडाला.

या काल्याझिनशी महाराष्ट्राचाही एक जुना धागा जुळलेला आहे. पंधराव्या शतकात त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन व्होल्गेवरून निघाला, तेव्हा त्याने येथील मठात मठाधिपती मकारी यांचा आशीर्वाद घेतला. वाटेत लुटला जाऊनही तो इराणमार्गे चौलच्या बंदरास लागला, आणि पावसाळा त्याने जुन्नर येथे काढला. तो मठही १९४०मध्ये पाडण्यात आला.

आणखी पुढे रिबिन्स्कचा जलाशय लागतो. त्याचे क्षेत्र सुमारे ४,५८० चौरस किलोमीटर. १९४१च्या वसंत ऋतूत तो भरू लागला, आणि मोलोगा नावाचे प्राचीन शहर शेकडो खेड्यांसह त्याच्या तळाशी गेले. सुमारे १,३०,००० माणसांना घरदार सोडावे लागले. कित्येकांनी आपली लाकडी घरे उकलून, ओंडक्यांचे तराफे करून नदीतून वाहून नेली. जे घर बापजाद्यांनी उभारले, तेच तराफा होऊन पाण्यावर चालले! अवर्षणाच्या वर्षी जलाशय आटला की मोलोग्याचे रस्ते आणि पाये आजही वर येतात.

या धरणांचा उपयोग झाला नाही, असे नव्हे. १९४१च्या हिवाळ्यात जर्मन सैन्य मॉस्कोनजीक आले असता राजधानीस वीज मिळाली ती उग्लिच आणि रिबिन्स्क येथूनच. म्हणून हा हिशेब एका बाजूने मांडता येत नाही. परंतु जमेची बाजू लिहिताना खर्चाची बाजू कोरी ठेवू नये, एवढे तरी इतिहासाने पाळले पाहिजे.

ज्यांनी आयुष्यभर कष्टून एक घर उभे केले आहे, अशा दोघा वृद्धांना त्या डेकवर बसून हे कळावयास विलंब लागणार नाही. काल्याझिनचा मनोरा मागे पडताना त्यांनी क्षणभर बोलणे थांबवावे. खाली कोणाची तरी चूल होती.