बोरू, तरसीमा आणि अंगठा : उर्दू अक्षरांचा संगणकापर्यंतचा प्रवास

15 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अकोला जिल्ह्यातील पातूर नगर परिषदेच्या पाटीवरची उर्दू कायम ठेवली. 1956 पासून त्या पाटीवर मराठीबरोबर उर्दू होती. न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि के. विनोद चंद्रन यांनी भाषा म्हणजे धर्म नव्हे, उर्दू याच भूमीत जन्मली, असे स्पष्ट सांगितले. आमच्या शिक्षक कक्षात त्या दिवशी पेढे वाटले गेले. मीही खाल्ला. पण मी पडलो शाळकरी वयापासून संगणकात डोके घातलेला माणूस. माझ्या मनात वेगळाच प्रश्न आला. आज कुठल्याही गावची उर्दू पाटी, लग्नाचा रुक्का, बालभारतीचे उर्दू पुस्तक ज्या वळणदार अक्षरांत छापले जाते, ती अक्षरे यंत्रात आली कशी? कायद्याने पाटी राखली. लिपी कुणी राखली?

उर्दू ज्या वळणात लिहिली जाते त्याला नस्तालीक म्हणतात. अरबीचे नस्ख वळण सरळ रेषेवर चालते, त्यामुळे त्याचे खिळे पाडणे जमले. नस्तालीक रेषेवर चालतच नाही. प्रत्येक शब्द उजवीकडे वरून सुरू होतो आणि डावीकडे उतरत जातो. ‘बे’ हे साधे अक्षर घ्या. पुढे ‘जीम’ आला की ते एका तऱ्हेने झुकते, ‘रे’ आला की दुसऱ्या, ‘मीम’ आला की तिसऱ्या. शिवाय नुक्ते एकमेकांवर आदळू नयेत म्हणून त्यांनाही जागा शोधून द्यावी लागते. मराठी वाचकाला जोडाक्षरांचा त्रास ठाऊक आहे. इथे जवळजवळ सगळा शब्दच जोडाक्षर.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेजच्या काळात नस्तालीकचे खिळे पाडून पाहिले गेले. ते रुळले नाहीत. वाट काढली शिळाछापाने. कातिब बोरूच्या कलमाने खास कागदावर मजकूर लिहायचा, तो दगडावर उतरायचा आणि दगडावर उलट्या दिसणाऱ्या अक्षरांतल्या चुका ‘संगसाज’ नावाचा कारागीर दुरुस्त करायचा. लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांनी 1858 साली सुरू केलेल्या छापखान्याने याच तंत्रावर उर्दू-फारसीचा खजिना घराघरांत पोचवला. कुरआनही तिथेच छापला गेला आणि हिंदू धर्मग्रंथांची उर्दू रूपेही.

खिळ्यांचा आग्रह धरणारेही होते. मौलाना आझादांनी 1912 मध्ये कलकत्त्याहून ‘अल-हिलाल’ काढले ते नस्खच्या टाइपात. विचार आधुनिक, छपाई आधुनिक. लोकांनी ते डोक्यावर घेतले, पण त्यातला टाइप काही उर्दूचा झाला नाही. वाचकाला आपली भाषा आपल्या वळणातच हवी होती. याला कुणी हट्ट म्हणेल. मी म्हणत नाही. मराठी मोडीतून देवनागरीत गेली तेव्हा काय काय मागे राहिले ते आज जुने दफ्तर उघडणाऱ्याला विचारा.

तेव्हा विसाव्या शतकाच्या आठव्या दशकापर्यंत उर्दू दैनिके हाताने लिहिली जात होती. मुंबईच्या ‘इन्किलाब’सारख्या, 1938 पासून चालत आलेल्या वर्तमानपत्राचे प्रत्येक पान रोज रात्री कातिबांच्या हातून जायचे. चेन्नईच्या 1927 सालच्या ‘द मुसलमान’ने तर इतर सगळ्यांनी कलम खाली ठेवल्यावरही अनेक वर्षे हातानेच पाने काढली.

हे चित्र बदलणारा माणूस स्वतः चित्रकार होता. मिर्झा अहमद जमील. जन्म दिल्लीचा, शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतले, फाळणीनंतर कराचीत छपाईचा व्यवसाय. इंग्लंडच्या मोनोटाइप कंपनीच्या लेसरकॉम्प यंत्रासाठी त्यांनी उर्दू तयार केली आणि तोडगा काढला तो अगदी उलटा. तोवर सगळे अक्षरे सुटी करून जुळवायला पाहत होते. जमील म्हणाले, सुटी करूच नका. जोडून आलेला अक्षरांचा अख्खा पुंजका, ज्याला उर्दूत तरसीमा म्हणतात, तोच एक चित्र समजा. असे वीसेक हजार तरसीमे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले. वीस हजार! मी पाचवीच्या वर्गाच्या वह्या तपासतानाही मनगट चोळतो. वडील नूर अहमद यांच्या नावावरून या अक्षरांना ‘नूरी नस्तालीक’ नाव मिळाले आणि 1981 मध्ये लाहोरचे ‘जंग’ दैनिक या अक्षरांत निघाले.

म्हणजे कातिबांची रोजी ज्या यंत्राने घेतली, त्याच्या पोटात हातानेच लिहिलेली अक्षरे होती. हे मला आजही पचत नाही.

लेसरकॉम्प छोट्या प्रकाशकाच्या आवाक्याबाहेरचे होते. ते दार उघडले 1994 मध्ये ‘इनपेज’ने. दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरमध्ये हा कार्यक्रम तयार झाला. त्यामागच्या चमूचे नेतृत्व रारेंद्र सिंग आणि विजय गुप्ता यांच्याकडे होते आणि नूरी नस्तालीक मोनोटाइपकडून परवान्याने घेतली होती. आता साध्या पीसीवर उर्दू पान लागू लागले. नवलकिशोर, सिंग, गुप्ता ही नावे मी मुद्दाम मोठ्याने वाचतो. पातूरच्या निकालात जे लिहिले आहे ते छापखान्यांना आधीपासून माहीत होते.

मी स्वतः इनपेज शिकलो 2006 च्या उन्हाळ्यात, दहावीची परीक्षा देऊन, मोहल्ल्यातल्या एका डीटीपीच्या दुकानात. दुकानाच्या ओट्यावर आमचे कातिबचाचा बसायचे. एकेकाळी त्यांनी लिहिलेल्या रुक्क्याशिवाय गावात निकाह होत नसे. नंतर काम उरले नाही, बसायची सवय उरली. मी पहिले पान छापून त्यांच्यापुढे धरले. त्यांनी चष्मा पुसला, कागद उन्हात धरला, एका ‘लाम’वर बोट ठेवले. म्हणाले, “बेटा, ये लाम मेरा नहीं है. लेकिन बुरा भी नहीं है.” मग कागद परत दिला आणि चहा मागवला. त्यांनी संगणक शिकावा असे कुणी त्यांना सुचवल्याचे मला आठवत नाही. राष्ट्रीय उर्दू परिषदेची संगणक केंद्रे देशभर निघाली, त्यांतून हजारो मुले ऑपरेटर झाली. पण ती मुले आमच्या वयाची होती, कातिबचाचांच्या नव्हे.

इनपेजचीही एक अडचण होती. त्यातला मजकूर त्याच्याच पोटात राहायचा. जुन्या मराठी फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की कशी चिन्हांची खिचडी दिसायची, तसेच. युनिकोडने 1991 पासून उर्दूच्या अक्षरांना क्रमांक दिले होते, पण क्रमांक म्हणजे वळण नव्हे. त्यामुळे संकेतस्थळांवर उर्दू दिसायची ती नस्खमध्ये, नाहीतर पानाच्या फोटोच्या रूपात. लाहोरच्या भाषातंत्र केंद्राने ‘नफीस नस्तालीक’ बनवला. पुढे 2008 च्या सुमारास ‘अलवी’ आणि ‘जमील नूरी’ हे फॉन्ट आले, ते मात्र कुठल्या कंपनीतून नाही. आपली नोकरी सांभाळून रात्री जागणाऱ्या उर्दूवेड्या तरुणांनी ते केले आणि फुकट वाटले. मोठ्या कंपन्या मागाहून आल्या. मायक्रोसॉफ्टने 2012 मध्ये विंडोज 8 बरोबर नस्तालीक फॉन्ट दिला. 2013 मध्ये अली एतराज या लेखकाने मोबाइलवरची नस्खसक्ती उर्दूचे वळण मारते आहे असा लेख लिहिला, त्याची बरीच चर्चा झाली. 2014 मध्ये गूगलचा ‘नोटो नस्तालीक उर्दू’ आला.

तांत्रिक प्रश्न असा जवळजवळ सुटला. आणि नेमके तेव्हाच माझ्या वर्गातली मुले रोमन लिपीत लिहू लागली. ‘आप’चे दोन रोमन अक्षरांत ‘एपी’ होते. घरी मराठी-दखनी, शाळेत उर्दू, मोबाइलवर इंग्रजी अक्षरे. मुलांना यात काही खटकत नाही. मी रागावून पाहिले, उपयोग झाला नाही. माझा स्वतःचा भाऊ ईदचा निरोप रोमनमध्ये पाठवतो.

मग गेल्या वर्षी मी एक केले. निबंधाऐवजी गृहपाठ दिला : घरातल्या ज्या कुणाच्या हाती मोबाइल असेल त्यात उर्दू कळफलक सुरू करा आणि आजीचे पूर्ण नाव लिहून मला पाठवा. बेचाळीसपैकी एकोणीस नावे आली. काहींत ‘हे’ चुकला होता, एकीने ‘बी’ विसरून फक्त ‘जैनब’ पाठवले. एका मुलाने विचारले, “सर, हे अक्षर इतकं तिरकं का दिसतं? मोबाइल बिघडलाय का?” मी फळ्यापाशी गेलो, खडूची कड तासून रुंद केली आणि कातिबचाचा काढायचे तसा ‘लाम’ काढायचा प्रयत्न केला. बरा आला नाही. दुसऱ्यांदा काढला.